एटीएमचे जाळे आणि सामान्य माणूस
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार यांविषयी चार शब्द बोलत असतो. या वर्षी आम्ही संयोजकांकडे विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो उदार मनाने मान्य केला. एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये कसे चालते, दुकानात कार्ड दाखविताच पैसे कसे पोहोचतात आणि या सर्वांच्या मधोमध असलेले बँकांचे सामायिक जाळे कोणाच्या खर्चाने व कोणाच्या हिताने चालते, हा आजचा विषय आहे. वैद्यकी करणाऱ्याने बँकांच्या कारभारात का पडावे, असे कोणी विचारील. आमच्याकडे तपासणीस येणारी वडीलधारी मंडळी अलीकडे प्रकृतीइतकीच पैसे काढण्याची विवंचना बोलून दाखवितात. भारतातील आप्तांचे दूरध्वनी येतात, त्यांतही "यंत्रातून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम गेली" ही तक्रार वारंवार ऐकू येते. ज्या व्यवस्थेवर आपले वेतन, निवृत्तिवेतन आणि घरी पाठविलेला पैसा अवलंबून आहे, तिची शरीररचना आपणांस ठाऊक असावी, एवढाच आमचा हेतू.

ही व्यवस्था समजून घेताना तीन प्रश्न मनाशी ठेवावेत, अशी आमची विनंती आहे. पैसे देण्याची परवानगी कोण देतो? त्या सेवेचा खर्च कोण सोसतो? आणि चूक झाल्यास ती दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची? पुढील सर्व विवेचन या तीन प्रश्नांभोवतीच आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. जगातील आद्य रोकड यंत्रांत ज्याची गणना होते ते यंत्र २७ जून १९६७ रोजी, उत्तर लंडनमधील एनफिल्ड येथे, बार्कलेज बँकेच्या भिंतीत सुरू झाले. ते सिद्ध करण्यात ज्यांचा पुढाकार होता त्या जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ साली आपल्या शिलाँग येथे झाला होता, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. त्या यंत्रात प्लॅस्टिकचे कार्ड नव्हते. बँकेकडून आगाऊ मिळालेला खास कागदी धनादेश ग्राहक यंत्रात सरकवीत असे, गुप्त क्रमांक दाबीत असे आणि १० पौंडांपर्यंत रक्कम घेऊन जात असे. गुप्त क्रमांकाने ग्राहकाची ओळख पटविणाऱ्या पद्धतीचे पेटंट जेम्स गुडफेलो या स्कॉटिश अभियंत्याच्या नावे १९६६ सालचे आहे. पुढे १९७२ साली लॉइड्स बँकेने एसेक्समधील ब्रेंटवुड येथे चुंबकीय पट्टीचे कार्ड घेणारे आणि बँकेच्या मध्यवर्ती संगणकाशी जोडलेले यंत्र बसविले. आजच्या एटीएमचे खरे पूर्वज हेच होय.

परंतु ही सर्व यंत्रे आपापल्या बँकेपुरती मर्यादित होती. एका बँकेचा ग्राहक दुसऱ्या बँकेच्या यंत्रासमोर सर्वस्वी परका ठरत असे. मोठ्या बँकांनी आपसांत करार करून दोन-तीन गट केले. लहान बँका आणि घरबांधणीसाठी कर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायट्या मात्र बाहेरच राहिल्या. गावोगावी यंत्रे बसविण्याइतके भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. तेव्हा त्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. प्रत्येकाने आपली थोडीथोडकी यंत्रे इतर सर्वांच्या ग्राहकांना खुली करावयाची, असे ठरले. त्यातून १९८५ साली 'लिंक' हे जाळे उभे राहिले. 'मॅट्रिक्स' नावाचे तसेच दुसरे जाळे होते; १९८९ साली ही दोन्ही एकत्र आली. पुढच्या दशकात मोठ्या बँकाही या एका जाळ्यात आल्या, कारण बाहेर राहणे त्यांच्याच ग्राहकांना गैरसोयीचे होऊ लागले. ज्याच्यापाशी शंभर यंत्रे होती त्याच्या ग्राहकाला हजारो यंत्रे उपलब्ध झाली. पाणवठा सर्वांना खुला केल्याने त्याचे पाणी आटत नाही, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष व्यवहार कसा घडतो ते पाहू. समजा, वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका लहान बिल्डिंग सोसायटीत खाते असलेली आपली एक भगिनी साउथहॉलला लेकीकडे आली आणि तेथील एका मोठ्या बँकेच्या एटीएममधून तिने ५० पौंड काढले. येथे दोन संस्था आहेत. एक, जिने कार्ड दिले ती सोसायटी. दुसरी, जिच्या मालकीचे यंत्र आहे ती बँक. या दोघींचा परस्परांशी थेट संबंध नाही.

भगिनीने कार्ड यंत्रात घातले. कार्डावर बहुधा सोळा अंक असतात. त्यांतील पहिले सहा अंक कार्ड कोणी दिले हे सांगतात. आता ही संख्या सहावरून आठवर नेण्यात आली आहे. अगदी शेवटचा अंक हा केवळ पडताळ्याचा असतो. आधीच्या अंकांवर ठराविक गणित केले असता तो मिळाला पाहिजे. न मिळाल्यास अंक वाचताना काही तरी चुकले, हे यंत्रास तत्काळ कळते. त्यानंतर भगिनीने चार अंकी पिन दाबला. तो पिन कळफलकाच्या आतच सांकेतिक रूपात बदलतो आणि उघड्या स्वरूपात यंत्राबाहेर कधीही पडत नाही.

मग यंत्र एक संदेश तयार करते. कार्डाचा क्रमांक, मागितलेली रक्कम, दिनांक, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि सांकेतिक पिन हे सर्व त्या संदेशात ठरावीक जागी बसविलेले असते. कोणत्या जागी काय लिहावे याचे नियम जगभर समान असावेत म्हणून १९८७ साली आयएसओ ८५८३ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. एटीएम आणि कार्ड यांचे जगातील पुष्कळसे व्यवहार आजही त्या मानकावर आधारलेल्या संदेशांनी होतात. भिन्न भाषा बोलणाऱ्या माणसांनी एकाच नमुन्याचा अर्ज भरावा, तसा हा प्रकार आहे.

हा संदेश प्रथम यंत्राच्या बँकेकडे जातो. पहिले अंक पाहून तिला कळते की हे कार्ड आपले नव्हे. ती तो संदेश लिंकच्या मध्यवर्ती संगणकाकडे पाठविते. या संगणकास 'स्विच' म्हणतात. दिव्याचे बटण असा अर्थ येथे घेऊ नये. रेल्वेचा सांधा बदलणाऱ्या माणसाचे काम तो करतो. कोणते अंक कोणत्या संस्थेचे, याची सारणी त्याच्यापाशी असते. तीनुसार तो संदेश वुल्व्हरहॅम्प्टनच्या सोसायटीकडे वळवितो. वाटेत पिनचे एक कुलूप काढून दुसरे घालावे लागते, कारण प्रत्येक दोन संस्थांमधली किल्ली निराळी असते. हे काम मोहरबंद उपकरणाच्या आत होते. कोणा कर्मचाऱ्याच्या दृष्टीस तो पिन पडत नाही.

सोसायटीचा संगणक मग चार गोष्टी तपासतो. कार्ड हरविल्याची नोंद आहे काय? पिन बरोबर आहे काय? खात्यात रक्कम आहे काय? दिवसाची मर्यादा ओलांडली आहे काय? सर्व ठीक असल्यास तो खात्यात ५० पौंडांची नोंद करतो आणि उलट दिशेने उत्तर धाडतो. हे उत्तर अंकांचे असते. '००' म्हणजे मान्य. '५१' म्हणजे शिल्लक अपुरी. उत्तर आल्या वाटेने परत जाते आणि यंत्र नोटा मोजून बाहेर देते. हा सारा प्रवास काही सेकंदांत आटोपतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. समोरचे यंत्र, अथवा ज्या बँकेची पाटी त्यावर आहे ती बँक, परवानगी देत नाही. परवानगी देते ती आपले कार्ड ज्या संस्थेने दिले ती संस्था. एटीएमने नकार दिला तर त्या शाखेतील कारकुनाशी भांडण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

आता आमच्या व्यवसायातील एक दृष्टांत देण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. मानवी शरीरात संदेशाचा मार्ग वेगळा आणि रक्ताचा मार्ग वेगळा. चटका बसताच मज्जातंतूंतून संदेश धावतो आणि हात तत्क्षणी मागे येतो. त्या स्नायूला लागणारे रक्त आपल्या गतीने आपल्या वाहिनीतून येत राहते. बँकांच्या जाळ्यातही तसेच आहे. भगिनीच्या हातात ५० पौंड पडले, तेव्हा त्या दोन संस्थांमध्ये एक पेनीही इकडून तिकडे गेली नव्हती. गेला होता तो फक्त निरोप. नोटा मोठ्या बँकेच्या, आणि ते पैसे सोसायटी तिला देणे लागते एवढीच नोंद झालेली असते.

अशा लाखो नोंदी दिवसभर साठतात. मग हिशेब होतो. एका बँकेच्या ग्राहकांनी दुसरीच्या यंत्रांतून दहा लाख पौंड काढले आणि दुसरीच्या ग्राहकांनी पहिलीच्या यंत्रांतून आठ लाख काढले, तर अठरा लाखांची देवघेव होत नाही. फरकाचे दोन लाखच द्यावे लागतात. सर्व सभासदांचा असा एकत्रित ताळमेळ घालून प्रत्येकाने किती द्यावयाचे वा घ्यावयाचे ते ठरते आणि ही रक्कम बँक ऑफ इंग्लंडमधील त्यांच्या खात्यांवर इकडून तिकडे केली जाते. परस्परांवर विश्वास ठेवून नोटा आधी देणे आणि हिशेब नंतर करणे शक्य होते, कारण मागे देशाची मध्यवर्ती बँक उभी असते.

संदेश आणि पैसा यांचे मार्ग वेगळे असल्यामुळे एक विशिष्ट आजारही संभवतो. समजा, सोसायटीने मान्यता दिली, खात्यातून ५० पौंड वजा केले, परंतु उत्तर परत येताना तार तुटली अथवा नोटा यंत्रात अडकल्या. भगिनीच्या हाती काहीच आले नाही, तरी खात्यात नोंद मात्र झाली. अशा वेळी यंत्राच्या बाजूने आधीची नोंद रद्द करणारा उलट संदेश पाठविला जाणे अपेक्षित असते. बहुतेक वेळा तो जातो आणि पैसे आपोआप खात्यात परत येतात. तो गेला नाही तर यंत्रातील उरलेल्या नोटा मोजल्या जातात आणि यंत्राच्या आतील नोंदीशी त्यांचा मेळ घातला जातो. नोटा जास्त भरल्या, तर ग्राहकाचे म्हणणे खरे ठरते. यातून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. तक्रार आपले कार्ड ज्या बँकेने दिले तिच्याकडे करावयाची. यंत्राच्या बँकेशी झगडण्याचे काम तिचे आहे, आपले नव्हे.

राहिला दुसरा प्रश्न, खर्चाचा. यंत्र बसविणे, त्यात नोटा भरणे, त्याची राखण करणे यास पैसा लागतो. लिंकच्या पद्धतीत ग्राहकाने दुसऱ्याच्या यंत्रातून रक्कम काढली की त्याची बँक यंत्राच्या मालकास ठरावीक शुल्क देते. ग्राहकास हे दिसत नाही. १९९९-२००० च्या सुमारास परक्या ग्राहकांकडून यंत्रावरच थेट शुल्क घेण्याचा विचार पुढे आला, तेव्हा या देशात मोठा गदारोळ झाला. अखेर एकाच व्यवहारावर दोन्हीकडून आकारणी होऊ नये, असे ठरले. मोठ्या बँकांची यंत्रे निःशुल्क राहिली. दुकानांतून व पेट्रोल पंपांवर खाजगी कंपन्यांची जी यंत्रे आहेत, त्यांपैकी काही शुल्क घेतात. मात्र त्याची सूचना त्यांना आधी दाखवावी लागते. ती सूचना वाचण्याची सवय आपल्या घरातील ज्येष्ठांना लावावयास हवी. दहा पौंड काढण्यासाठी दोन पौंड मोजणे हे गरीबाच्या खिशाला परवडणारे नाही.

२०१८ पूर्वी बँका परस्परांना देत असलेले हे शुल्क प्रत्येक वेळी सुमारे २५ पेन्स होते. ते चार टप्प्यांत २० पेन्सवर आणावयाचे असे लिंकने ठरविले. पहिली कपात जुलै २०१८ मध्ये आणि दुसरी जानेवारी २०१९ मध्ये झाली. पुढील टप्पे थांबविण्यात आले, कारण यंत्रे बंद पडू लागली होती. त्याच सुमारास लोकांची सवयही बदलत होती. २०१७ साली या देशात डेबिट कार्डाने केलेल्या व्यवहारांची संख्या प्रथमच रोखीच्या व्यवहारांहून अधिक झाली. २०१५ च्या सुमारास येथे ७०,००० च्या आसपास एटीएम होते. आज ते ५०,००० हून कमी आहेत.

ही घट सर्वत्र सारखी जाणवत नाही. ज्या पेठेत चार बँका आहेत तेथील एक यंत्र गेले तरी कोणाचे अडत नाही. परंतु ज्या वस्तीत एकच यंत्र होते, तेथील वृद्धेला दोन बस बदलून पैसे आणावे लागतात. गुडघेदुखी असलेल्या आमच्या कित्येक रुग्णांच्या दृष्टीने हा प्रश्न हिशेबाचा नसून पायांचा आहे. ही गोष्ट ध्यानात घेऊन लिंकने एक नियम केला आहे. ज्या निःशुल्क यंत्रापासून दुसरे निःशुल्क यंत्र एक किलोमीटर वा अधिक दूर आहे, त्यास संरक्षण द्यावयाचे. पुढे २०२३ च्या कायद्याने रोख रक्कम मिळण्याच्या सोयीचे रक्षण करण्याचे अधिकार फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीस मिळाले आणि तिचे नियम १८ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाले. आपल्या वस्तीतील शाखा किंवा यंत्र बंद होत असेल, तर तेथील गरजेची पाहणी करावी अशी मागणी रहिवासी आणि स्थानिक संस्था करू शकतात. मित्रहो, हा अधिकार वापरणाऱ्यालाच उपयोगी पडतो. अर्ज कोणी केलाच नाही, तर त्या वस्तीत गरज नव्हती असाच अर्थ निघेल.

आता दुकानातील डेबिट कार्डाकडे वळू. येथे पहिले डेबिट कार्ड १९८७ साली बार्कलेज बँकेने 'कनेक्ट' या नावाने आणले. १९८८ साली मिडलंड, नॅशनल वेस्टमिन्स्टर आणि रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड यांनी 'स्विच' हे कार्ड सुरू केले. आपल्यापैकी अनेकांच्या पाकिटात ते वर्षानुवर्षे होते. पुढे त्याचे नाव 'मॅस्ट्रो' झाले आणि नंतर तेही मागे पडून व्हिसा आणि मास्टरकार्ड ही दोन नावे उरली. १४ फेब्रुवारी २००६ पासून दुकानात सहीऐवजी पिन देण्याची पद्धत रूढ झाली.

दुकानातील व्यवहारात चार पक्ष असतात. ग्राहक, ग्राहकाची बँक, दुकानदार आणि दुकानदाराची बँक. संदेशाचा मार्ग एटीएमसारखाच. शुल्काची दिशा मात्र उलटी आहे. एटीएममध्ये ग्राहकाची बँक यंत्राच्या मालकास देते. दुकानात दुकानदाराची बँक ग्राहकाच्या बँकेस देते, आणि अंतिमतः ते दुकानदाराकडून वसूल होते. बँकेला रोख रकमेच्या व्यवहारावर खर्च आणि कार्डाच्या व्यवहारावर उत्पन्न, असे हे गणित आहे. कार्ड वापरण्याचा आग्रह आपणांस सर्वत्र का होतो, याचे एक कारण येथे सापडते. हे शुल्क अवाच्या सवा वाढू नये म्हणून युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून डेबिट कार्डासाठी ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्के अशी कमाल मर्यादा घातली. ब्रिटनने संघ सोडल्यावरही देशांतर्गत व्यवहारांसाठी ती कायम ठेवली.

सर्व व्यवहार एका-दोन जाळ्यांतून जाऊ लागले, की तेथील बिघाड सर्वांना भोवतो. १ जून २०१८ रोजी व्हिसाच्या युरोपातील एका केंद्रात एक उपकरण अर्धवट नादुरुस्त झाले. पूर्णपणे बंद पडले असते तर राखीव उपकरणाने तत्काळ काम हाती घेतले असते. अर्धवट बिघाडाने ते अडखळले. सुमारे दहा तास व्यवहार विस्कळीत राहिले आणि युरोपभर ५२ लाख व्यवहार निष्फळ झाले. अर्धवट बंद झालेली रक्तवाहिनी कधी कधी पूर्ण बंद झालेलीपेक्षा उशिरा कळते, हे आम्ही वैद्य जाणतोच. त्या शुक्रवारी ज्यांच्या खिशात थोड्या नोटा होत्या त्यांचे अडले नाही.

मालकीचा प्रश्नही येथेच येतो. लिंकचा स्विच चालविणारी व्होकालिंक ही कंपनी २०१७ साली मास्टरकार्डने विकत घेतली. लिंकचे नियम ठरविणारी संस्था मात्र नफ्यासाठी न चालणारी स्वतंत्र कंपनी आहे. नियम एकाच्या हाती आणि यंत्रणा दुसऱ्याच्या हाती, अशी ही रचना आहे. देशाचे स्वतःचे जाळे असण्यास किती महत्त्व आहे ते मार्च २०२२ मध्ये दिसले. व्हिसा व मास्टरकार्ड यांनी रशियातील कामकाज स्थगित केले. तरीही त्यांची कार्डे देशाच्या आत चालत राहिली, कारण ते व्यवहार रशियाने २०१४ नंतर उभारलेल्या राष्ट्रीय यंत्रणेतून जात होते. त्या युद्धाविषयी आपले मत काहीही असो, यंत्रणेचा हा धडा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भारताने हा धडा आपल्या परीने आधीच घेतला होता. १९८७ साली मुंबईत भारतातील पहिले एटीएम बसले. १९९७ साली इंडियन बँक्स असोसिएशनने मुंबईत 'स्वधन' हे सामायिक जाळे सुरू केले. ते पुढे बंद पडले. २००४ साली हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापिलेल्या संस्थेने नॅशनल फायनान्शियल स्विच उभारला. डिसेंबर २००९ मध्ये तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे गेला. २०१२ साली रुपे हे स्वदेशी कार्ड आले आणि २०१४ च्या जनधन योजनेमुळे ते खेड्यापाड्यांतील कष्टकऱ्यांच्या हाती पोहोचले. विदर्भातील शेतमजूर स्त्रीचे रुपे कार्ड आणि मुंबईतील अधिकाऱ्याचे कार्ड एकाच स्विचमधून जाते, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु जाळ्यापर्यंत हात पोहोचणे आणि जाळ्याने तो हात ओळखणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्या गावी एटीएम नाही तेथे बँक-मित्र लहान यंत्र घेऊन बसतो आणि आधार क्रमांक व अंगठ्याचा ठसा यांवर पैसे देतो. हेही आंतरबँक जाळेच आहे. मात्र ज्यांनी जन्मभर ऊस तोडला, विटा वाहिल्या किंवा भांडी घासली, त्यांच्या बोटांच्या कातडीवरील रेषा झिजतात. वय वाढले की कातडी कोरडी पडते आणि ठसा आणखी पुसट होतो. यंत्र मग "जुळत नाही" असे सांगते. ज्या श्रमाचे ते पैसे, त्याच श्रमाने त्यांची ओळख पुसून टाकावी, याहून मोठी विसंगती कोणती? अशा माणसास डोळ्यांच्या बाहुलीभोवतालच्या पडद्यावरून, कार्ड व पिन यांवरून अथवा शाखेतील माणसाकरवी पैसे मिळण्याचा पर्याय असलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भारतातील आपल्या आप्तांना सांगण्यासारखे नियमही थोडक्यात सांगतो. दरमहा स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर पाच व्यवहार, तसेच इतर बँकांच्या एटीएमवर महानगरांत तीन आणि अन्यत्र पाच व्यवहार निःशुल्क असतात. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक व्यवहारास २३ रुपयांपर्यंत शुल्क घेता येते. शिल्लक पाहणे हाही एक व्यवहार धरला जातो. तेव्हा पैसे आले की नाही हे वारंवार यंत्रावर पाहण्यात निःशुल्क व्यवहार संपून जातात. दुसरे असे की, नोटा न येता खात्यातून रक्कम गेली, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशानुसार बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत केली पाहिजे. उशीर झाल्यास प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि तीही ग्राहकाने न मागता. आमच्या एका स्नेह्यांच्या मातोश्रींना त्यांच्या बँकेच्या शाखेतून "यंत्र दुसऱ्या बँकेचे आहे, तिकडे जा" असे सांगून तीन वेळा परत पाठविण्यात आले होते. वर सांगितलेला आदेश छापून त्यांच्या नातवाने अर्जाला जोडला, तेव्हा रक्कम जमा झाली. तीस दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. येथे ब्रिटनमध्ये त्याच कामासाठी फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिस आहे.

आपण सुटीत भारतात जातो तेव्हाची एक सूचना राहिली. आपले येथील कार्ड तेथील एटीएममध्ये चालते ते 'प्लस' अथवा 'सिरस' या आंतरराष्ट्रीय जाळ्यांमुळे. पहिले व्हिसाचे, दुसरे मास्टरकार्डचे. यंत्र कधी कधी विचारते, "हिशेब पौंडांत करू की रुपयांत?" पौंड आपल्या ओळखीचे म्हणून आपण तिकडे बोट नेतो. परंतु त्या पर्यायात विनिमयाचा दर यंत्राची बाजू ठरविते आणि तो बहुधा आपल्या तोट्याचा असतो. नेहमी रुपयांचा पर्याय निवडावा.

बंधू-भगिनींनो, औषधाच्या चिठ्ठीप्रमाणे शेवटी थोडके पथ्य सांगतो. व्यवहार फसला तर पावती, वेळ आणि यंत्रावरील क्रमांक त्याच ठिकाणी लिहून घ्यावा. तक्रार आपल्या बँकेकडे, लेखी आणि विनाविलंब करावी. पिन कोणासही सांगू नये. बँकेच्या नावाने दूरध्वनी करणारासही नाही, कारण खऱ्या बँकेस तो विचारण्याचे कारणच नसते. घरात दोन-चार दिवस पुरेल इतकी रोख रक्कम असावी. आणि आपल्या वस्तीतील शेवटचे एटीएम बंद होण्याची चिन्हे दिसताच एकट्याने हळहळत बसण्याऐवजी सर्वांनी मिळून अर्ज करावा.

संस्थेस आमची एक नम्र सूचना आहे. आपल्या मासिक सभेला जोडून एक तास असा ठेवावा की ज्यात तरुण सभासद ज्येष्ठांना कार्ड, पिन आणि तक्रार यांची माहिती देतील व अर्ज लिहून देतील. त्यासाठी फार खर्च नको. एक टेबल, दोन खुर्च्या आणि थोडा संयम पुरे. त्या टेबलावर पहिले दोन महिने बसण्याचे आम्ही मान्य करतो.